अठरा निवडणुका, पाच खासदार : धारवाड मतदारसंघाचा राजकीय इतिहास

१९५२ ते २०२४ या काळात लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि हुबळी-धारवाड ही जुळी शहरे ज्या मतदारसंघात येतात, त्याने या सगळ्या काळात मिळून अवघे पाच खासदार दिल्लीला पाठवले: दत्तात्रय परशुराम करमरकर दोनदा, सरोजिनी महिषी चारदा, डी. के. नाईकर चारदा, विजय संकेश्वर तीनदा आणि प्रल्हाद जोशी पाचदा. पहिल्या दहा निवडणुका काँग्रेसने जिंकल्या, पुढच्या आठ भारतीय जनता पक्षाने, म्हणजे पक्षबदल झाला तो एकदाच, १९९६ साली. इतका स्थिर मतदारसंघ अभ्यासकाला कंटाळवाणा वाटला तर नवल नाही. परंतु ज्या मतदारांनी दिल्लीच्या बाबतीत एवढी चिकाटी दाखवली, त्यांनीच बंगळूरच्या विधानसभेसाठी जनता पक्ष, काँग्रेस आणि भाजप यांना आलटून पालटून कौल दिला, आणि या मतदारसंघाचे खरे राजकारण याच दुहेरी हिशेबात दडलेले आहे.

आरंभी हा मतदारसंघ ‘धारवाड उत्तर’ या नावाने मुंबई राज्यात होता. धारवाड जिल्हा ब्रिटिश काळापासून मुंबई इलाख्याचा भाग असल्याने तेथील शिक्षण, न्यायदान आणि व्यापार यांचे धागे पुण्या-मुंबईशी जुळलेले होते आणि जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनात मराठीचाही वावर होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचनेनुसार हा प्रदेश म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, तरी १९५७ मध्ये करमरकरच पुन्हा निवडून आले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात आरोग्यखात्याचे मंत्री झाले. एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या दोन शहरांची, कापूस, व्यापार व रेल्वे कारखान्याच्या जोरावर वाढलेल्या हुबळीची आणि शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या व संगीत यांच्या जोरावर वाढलेल्या धारवाडची, मिळून एकच महापालिका १९६२ साली स्थापन झाली. पुढे दोहोंमधल्या उणकल, नवनगर, अमरगोळ या पट्ट्यात वसाहती उभ्या राहिल्या आणि मतदारसंघाचा गुरुत्वमध्य हळूहळू खेड्यांकडून या सलग नागरी पट्ट्याकडे सरकला.

१९६२ ते १९७७ या चार निवडणुका जिंकणाऱ्या सरोजिनी महिषी मूळच्या धारवाडच्या. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली असताना कर्नाटकातील २८ पैकी २६ जागा तिने राखल्या आणि महिषींची जागा त्यांपैकीच एक होती. मात्र त्यांचे नाव आज कर्नाटकात निघते ते खासदारकीमुळे कमी आणि कन्नडिगांना नोकऱ्यांत प्राधान्य मिळावे अशी शिफारस करणाऱ्या, त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८० च्या दशकातील अहवालामुळे अधिक. भूमिपुत्रांच्या हक्काचा हा मुद्दा मुंबईच्या राजकारणाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला नवा वाटणार नाही.

जानेवारी १९८० मध्ये नाईकर निवडून आले आणि सुमारे सहा महिन्यांनी, २१ जुलै १९८० रोजी, याच जिल्ह्यातील नवलगुंद आणि शेजारचे नरगुंद येथे पेटलेल्या शेतकरी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. मलप्रभा धरणाच्या लाभक्षेत्रातील जमिनींवर सरकारने सुधारणा कर, म्हणजे पाटबंधाऱ्यामुळे जमिनीचे मोल वाढते या गृहीतकावर आधारलेली आकारणी, लादली होती, आणि पाणी पुरते पोहोचण्याआधीच वसुलीचा तगादा लागल्याने असंतोष भडकला. या आंदोलनातून कर्नाटकात संघटित शेतकरी चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये राज्यातील काँग्रेसची सत्ता गेली त्यामागे ही एक मोठी प्रेरणा होती. तरीही डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, नाईकर पुन्हा विजयी झाले, राज्यातील २८ पैकी २४ जागा काँग्रेसकडे गेल्या, आणि मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा देऊन मार्च १९८५ मध्ये विधानसभेची निवडणूक घेतली तेव्हा त्याच मतदारांनी जनता पक्षाला बहुमत दिले. त्या वेळी हुबळी ग्रामीणमधून निवडून आलेले एस. आर. बोम्मई १९८८ मध्ये मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९८९ मध्ये राष्ट्रपती राजवट लावून त्यांचे सरकार बरखास्त करण्यात आले, आणि त्यातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी दिलेला निकाल, बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे तर सभागृहात लागली पाहिजे या तत्त्वासाठी, आजही प्रत्येक राज्यातील सत्तासंघर्षात उद्धृत होतो.

काँग्रेसचा पाया याच सुमारास खचू लागला होता. वीरेंद्र पाटील यांना १९९० मध्ये मुख्यमंत्रिपदावरून ज्या पद्धतीने दूर करण्यात आले त्यामुळे उत्तर कर्नाटकातील लिंगायत समाज दुखावला, आणि जनता दलाची शकले होत गेल्याने त्या मतांना नवे घर हवे होते. हुबळीच्या व्यापारी वर्गात जनसंघाची मुळे त्याआधीच रुजली होती. सदाशिव शेट्टर १९६७ मध्येच येथून जनसंघाचे आमदार झाले होते. या जमिनीवर ठिणगी पडली ती ईदगाह मैदानाच्या वादाची. शहराच्या मध्यवर्ती भागातील हे मैदान नगरपालिकेने १९२१ साली अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेला दीर्घ मुदतीने दिले होते. वर्षातून दोनदा तेथे ईदची नमाज होई, आणि जागेवरील हक्काचा तंटा न्यायालयांत चालू होता. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे राष्ट्रध्वज फडकवण्याची चळवळ सुरू झाली, संचारबंदी झुगारून १५ ऑगस्ट १९९४ रोजी उमा भारती यांच्या उपस्थितीत ध्वजारोहणाचा प्रयत्न झाला आणि पोलीस गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणातील अटक वॉरंटामुळेच २००४ मध्ये उमा भारतींना मध्य प्रदेशचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. गोळीबारानंतर काही महिन्यांतच विधानसभा निवडणुकीत सदाशिव शेट्टरांचे पुतणे जगदीश शेट्टर यांनी हुबळी ग्रामीणमध्ये बोम्मईंचे पुत्र बसवराज यांचा पराभव केला, आणि १९९६ मध्ये मालवाहतुकीच्या व्यवसायात नाव कमावलेले विजय संकेश्वर या मतदारसंघातून भाजपचे पहिले खासदार झाले. पक्षबदलाचे श्रेय केवळ मैदानाला देणे सोपे असले तरी अपुरे आहे; लिंगायतांची नाराजी आणि जनता परिवाराची फाटाफूट नसती, तर तो वाद शहराच्या वेशीबाहेर फारसा गेला नसता.

मैदानाच्या चळवळीतूनच पुढे आलेले प्रल्हाद जोशी २००४ पासून खासदार आहेत. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत ‘धारवाड उत्तर’चे नाव ‘धारवाड’ झाले, ‘धारवाड दक्षिण’ लोप पावून हावेरी मतदारसंघ आला, आणि हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव धारवाडला जोडले गेले. लिंगायत मतदार मोठ्या संख्येने असलेल्या या मतदारसंघात ब्राह्मण उमेदवार सलग पाच वेळा जिंकतो, याचे आश्चर्य अनेकांना वाटते. ते फारसे वाटू नये, कारण पक्षाचे लिंगायत नेतृत्व राज्यपातळीवर बी. एस. येडियुरप्पांकडे होते. २०२४ मध्ये शिरहट्टीच्या मठाचे लिंगायत धर्मगुरू दिंगालेश्वर स्वामी यांनी जोशींविरुद्ध शड्डू ठोकला, पण पुढे उमेदवारी मागे घेतली. २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक असलेले जोशींचे मताधिक्य या वेळी सुमारे ९७ हजारांवर आले, एवढे मात्र खरे.

विधानसभेचे चित्र याहून वेगळे आहे. मतदारसंघातील आठ विधानसभा जागांपैकी २०२३ मध्ये चार काँग्रेसकडे आणि चार भाजपकडे गेल्या. तिकीट नाकारल्यावर काँग्रेसमध्ये गेलेले माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर हुबळी-धारवाड मध्यमध्ये पराभूत झाले, जानेवारी २०२४ मध्ये स्वगृही परतले आणि त्याच वर्षी बेळगावातून लोकसभेवर निवडून गेले. मराठी भाषक मोठ्या संख्येने असलेला तो मतदारसंघ त्यांच्या हुबळीतील कार्यक्षेत्राबाहेरचा होता. पुढे भाजपमध्ये आलेले शिग्गावचे आमदार बसवराज बोम्मई लोकसभेवर गेल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिग्गावची पोटनिवडणूक झाली, तीत त्यांचे पुत्र भरत हरले आणि काँग्रेसची संख्या पाचवर गेली. दोन्ही पक्षांना अडचणीचा प्रश्न म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा आहे: लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातील कळसा-भंडुरा योजनेचा वाटा याच भागाची तहान भागवण्यासाठी आहे, परंतु गोव्याच्या विरोधामुळे नवलगुंदचा शेतकरी अजूनही वाट पाहतो आहे.

जुळ्या शहरांची महापालिका विभागून धारवाडला स्वतंत्र महापालिका देण्यास राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. लोकसभा मतदारसंघ मात्र पुढील पुनर्रचनेपर्यंत एकच राहील.