सदैव आर्द्र घ्यावयाची द्रव्ये आणि वैद्याचे परस

औषधी वनस्पतींच्या बागेचा विषय निघाला की बहुधा दोन चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक महाविद्यालयातील पाट्या लावलेल्या वनौषधी उद्यानाचे आणि दुसरे शेतकऱ्याने बाजारासाठी केलेल्या एकरी लागवडीचे. पहिली बाग विद्यार्थ्यांसाठी असते, दुसरी व्यापारासाठी. रुग्ण समोर बसलेला असताना ज्यातून औषध काढता येईल असे दवाखान्यामागचे छोटेसे परस या दोहोंत बसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेच परस हा आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ परिसरात व्यवसाय करताना जे साधले आणि जे या हवेत साधत नाही असे दिसून आले, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहे.

शास्त्राधार

शार्ङ्गधराचार्यांनी स्वरसाची जी व्याख्या केली आहे तीच परसाची गरज सांगते. कीड, अग्नी इत्यादींनी न बिघडलेले आणि त्याच क्षणी आणलेले द्रव्य कुटून, वस्त्रातून पिळून जो रस निघतो तो स्वरस होय. ताजे द्रव्य मिळत नसेल तर चूर्ण पाण्यात भिजवून किंवा शुष्क द्रव्याचा काढा करून काम भागविण्याचा मार्गही त्यांनी दिला आहे; तथापि तो पर्याय आहे.

पूर्वखंडातील परिभाषेत याहून स्पष्ट निर्देश आहे. सामान्यतः शुष्क द्रव्याऐवजी ओले घ्यावयाचे झाल्यास प्रमाण दुप्पट घ्यावे. परंतु गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा आणि प्रसारणी ही नऊ द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत व ती दुप्पट घेऊ नयेत. आज यांतील बहुतेक द्रव्ये आपल्याकडे पोत्यांतून वाळून येतात. ती केव्हा काढली, कोठे वाळविली आणि मुळात तीच आहेत का, हे पुष्कळदा पुरवठादारासही ठाऊक नसते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रारंभी औषधे साधारण वा जांगल देशातील घ्यावीत असे म्हटले असून वर्ज्य स्थानांत स्मशान, वारूळ, खारवट जमीन यांबरोबर ‘आराम’ म्हणजे बागही सांगितली आहे; नांगरलेली भूमीही त्यांना मान्य नाही. मग परसातील द्रव्य ग्राह्य कसे? माझ्या मते या वचनाचा हेतू दूषित, दुर्बल व पोसून फुगविलेले द्रव्य टाळणे हा आहे. म्हणून परसात रासायनिक खताचा मारा करू नये, मोठ्या झाडाच्या दाट छायेत लागवड करू नये आणि रोपे गर्दीने लावू नयेत. एवढे पाळले तर अज्ञात स्थानातून आलेल्या शुष्क द्रव्यापेक्षा परसातील ताजे द्रव्य शास्त्राच्या अधिक जवळ जाते.

उमरठची भूमी

उमरठ हे नाव महाराष्ट्राला नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे परिचित आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या या वीराचे हे गाव महाबळेश्वरच्या डोंगररांगांच्या पायथ्याकडील भागात वसले आहे. जमीन तांबडी, जांभ्याची, आम्लधर्मी व उताराची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. एकाच वाफ्याला वर्षातून एकदा अनूप देश आणि एकदा जांगल देश अनुभवावा लागतो. येथील परसबागेची सारी काळजी या एका गोष्टीभोवती फिरते.

रोप दगावले की आपण पाणी कमी पडले असे समजतो. या भागात मात्र रोपे उन्हाळ्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये अधिक मरतात. मुळांभोवती पाणी साचले की त्यांना हवा मिळत नाही, बुरशी लागते, मूळ काळे पडते आणि पाने पिवळी होतात. अशा रोपास कोणी खत घालते, त्याने ते लवकर जाते.

यासाठी वाफा जमिनीपासून किमान एक फूट उंच व सुमारे तीन फूट रुंद करावा. दोन वाफ्यांमध्ये उताराच्या दिशेने चर ठेवावा. मातीत एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून पेरणीपूर्वी दिल्यास मूळकुजीला आळा बसतो. पागोळीखाली काहीही लावू नये. कौलांवरून पडणारी धार माती उकरून मुळे उघडी करते. नाजूक रोपांवर पहिल्या महिन्यात जुने इरले पालथे घातले तरी पुरते. पावसाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला भिडवू नये.

उतारावरील परसात आणखी एक पथ्य आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून जी प्राणहानी झाली, तिची आठवण या भागात ताजी आहे. वाफे काढण्यासाठी घरामागची दरड उभी कापू नये. चराचे पाणी घराच्या पायाकडे न जाता नैसर्गिक ओहोळाकडे जाईल असे पाहावे. वाफ्यांच्या बांधावर वाळा लावावा. त्याची मुळे खोल उभी जातात व बांधाची माती धरून ठेवतात, शिवाय उशीर हे द्रव्य हाताशी राहते. अर्थात वाळा बांध राखतो. दरड थोपविणे हे त्याचे काम नव्हे.

द्रव्यशः लागवड

*गुळवेल.* पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खोडाचे, दोन-तीन पेरांचे, ६ ते ८ इंच लांबीचे तुकडे जूनच्या आरंभी लावावेत. तुकड्याचे खालचे टोक खालीच राहील याची काळजी घ्यावी. निंबाश्रित गुडूची श्रेष्ठ मानली जाते. परंतु अतिपावसाच्या या पट्ट्यात कडुनिंब नीट वाढत नाही. आंबा किंवा शेवगा यांचा आधार चालतो. हिवाळ्याअखेर पाने गळतात म्हणून वेल मेली असे समजू नये.

वेल लावण्यापूर्वी ती ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच वापरावी, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरू नये, असे सांगितले. क्रिस्पाच्या खोडावर ठळक मस्से असतात, खोड कापल्यास दुधाळ स्राव येतो आणि फुलाला ३ पाकळ्या असतात. खऱ्या गुळवेलीच्या खोडावर असे मस्से नसतात, स्राव दुधाळ नसतो, पाकळ्या ६ असतात आणि फळ गोल व लाल असते. सह्याद्रीत आढळणाऱ्या टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांच्या मागील बाजूस दाट लव असते. वादाचा निकाल काहीही लागो; वेल फुलावर आल्याशिवाय तिची ओळख निश्चित मानू नये, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकारक व्याधीचा इतिहास विचारल्याशिवाय गुळवेल दीर्घकाळ देऊ नये, एवढा धडा आपण घ्यावा.

*अडुळसा.* जून-जुलैमध्ये जून फांदीचे वीतभर तुकडे कुंपणाच्या कडेने एक हात अंतरावर लावावेत. गुरे-शेळ्या याला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे तो औषधही होतो आणि कुंपणही. वर्षातून एकदा छाटणी केल्यास कोवळी पाने भरपूर येतात. पानांत रस कमी असल्याने पुटपाकविधीनेच स्वरस काढणे सोयीचे होते.

*शतावरी.* उंच वाफ्याची गरज सर्वाधिक हिला. बी टणक असते; एक दिवस कोमट पाण्यात भिजवून पेरावे व उगवण्यास वेळ लागतो हे ध्यानात ठेवावे. मुळे दीड-दोन वर्षांनंतर, वरचा वेल पिवळा पडू लागला म्हणजे काढावीत. निम्मी मुळे काढून कंदासह झुडूप पुन्हा लावल्यास एकच रोप वर्षानुवर्षे पुरते.

*पांढरा कुडा.* हा आपल्या डोंगरात आपणहून येतो आणि कोकणात त्याच्या फुला-शेंगांची भाजीही होते. परसात त्यासाठी जागा अडवू नये. स्वतःच्या बांधावरील एखादे झाड राखावे. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया याची साल बाजारात यात मिसळली जाते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात. पांढऱ्या कुड्याच्या मोकळ्या असतात. साल खोडाभोवती वळे काढून कधीही काढू नये, त्याने झाड मरते. फांदी तोडून तिची साल घ्यावी. खोडाला पुन्हा धुमारे येतात. वनखात्याच्या जमिनीवरील झाडास परवानगीशिवाय हात लावू नये.

*कोहळा.* पावसाच्या प्रारंभी बी टोकून वेल मांडवावर चढवावा; ओल्या जमिनीवर टेकलेले फळ कुजते. संततधारेत मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा सकाळी नरफुलाचा पराग मादीफुलावर हाताने लावावा. फळमाशीपासून रक्षणासाठी कोवळ्या फळास कागदी वा कापडी पिशवी बांधावी.

*पिवळी कोरांटी.* फाट्यांपासून सहज येते व काटेरी असल्याने राखण लागत नाही. केरळातील वैद्य सहचर म्हणून वेगळीच वनस्पती योजतात. तेथील पाठाचे तेल सिद्ध करताना हा भेद लक्षात ठेवावा.

*शतपुष्पा* पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावी. *प्रसारणी* आपल्याकडे विरळ. खात्रीचे रोप मिळाल्यास अर्धछायेत एक वेल पुरे. *अश्वगंधेचा* आग्रह मात्र या भागात धरू नये. तिला कोरडी हवा मानवते; मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर हा तिचा प्रदेश. ओळखीसाठी सप्टेंबरनंतर एक-दोन कुंड्या लावाव्यात, औषधासाठी विश्वासू ठिकाणाहून मूळ आणावे.

पाणी, खत व कीड

ऑक्टोबरअखेर चर बुजवून वाफ्याभोवती आळी करावीत आणि आता मात्र पाल्याचे जाड आच्छादन घालावे. भातरोपांच्या राबासाठी जाळला जाणारा ऐनाचा पाला न जाळता कुजविला तर उत्तम खत होते. उन्हाळ्यात सच्छिद्र मातीचे मडके मुळाशेजारी पुरून भरून ठेवावे. थोड्या पाण्यात रोप तगते. साबणाचे सांडपाणी केळी-अळवाला द्यावे, स्वरसाच्या झाडांना नको. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास प्रथम बाधित शेंडे खुडावेत, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा व काही दिवस ते पान औषधास घेऊ नये. रासायनिक कीटकनाशक या परसात पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण येथील पान शिजविल्याविना रुग्णाच्या पोटात जाणार आहे.

त्याच कारणाने महामार्गालगतच्या, कारखान्याच्या सांडपाण्याचा संपर्क आलेल्या किंवा पुराचा गाळ बसलेल्या जागेतील द्रव्य स्वरसासाठी घेऊ नये. २०२१ च्या पुरात महाडमधील अनेक परसांत सावित्रीचे पाणी शिरले होते. अशा जागी माती तपासून घ्यावी, किंवा नव्या मातीच्या कुंड्यांत लागवड करावी.

संग्रह आणि नोंद

पाने व कोवळ्या फांद्या वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्म वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, पुष्प-फळ आपापल्या ऋतूत, हा चरकोक्त क्रम परसात सहज पाळता येतो. एका वहीत रोप कोठून आणले, केव्हा लावले, केव्हा फुलले व कोणत्या दिवशी काय काढले याची नोंद असावी. ताज्या स्वरसाची शास्त्रोक्त मात्रा अर्धा पल आहे. व्यवहारात रुग्णाचे बल व अग्नी पाहून आपण ती कमी करतो. रस त्याच वेळी द्यावा, साठवू नये.

औषधनिर्मात्यांसाठी

चार गुंठ्यांचे परस कोणत्याही फार्मसीचा माल पुरवू शकणार नाही आणि ते त्याचे प्रयोजनही नाही. फार्मसीसाठी त्याचा उपयोग तुलनेचा आहे. ज्या वीस-पंचवीस द्रव्यांवर आपले पाठ उभे आहेत त्यांचे एकेक खात्रीचे झाड आवारात असावे. तज्ज्ञ वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून त्याचे फूल-फळांसह वाळविलेले नमुने आणि सालीचे, मुळांचे तुकडे जपून ठेवावेत. आलेला माल स्वीकारण्यापूर्वी त्यांच्याशी पडताळावा. अशोकसाल म्हणून आसुपालवाची साल येते हे आपण सर्व जाणतो. पण खरा सीता-अशोक किती जणांच्या अंगणात आहे? कोकणच्या ओलसर छायेत तो उत्तम वाढतो. त्याची साल आपल्या हयातीत काढण्याजोगी न होवो, पडताळणीसाठी तो आजपासून उपयोगी आहे. रोपांसाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि आयुर्वेद महाविद्यालयांची उद्याने यांच्याकडे चौकशी करावी.

समारोप

नऊपैकी सहा-सात द्रव्ये आपल्या परसात येऊ शकतात. येत्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडण्यापूर्वी एक उंच वाफा, त्यात दोन शतावरी, कुंपणाला अडुळसा आणि शेवग्यावर एक ओळख पटलेली गुळवेल, एवढ्यावर प्रत्येक वैद्याने आरंभ करावा. ज्या द्रव्याचे फूल, फळ, रुची आणि गंध आपण वर्षभर पाहिले आहे, ते पोत्यात चुकीचे आले तर उघडताक्षणी ओळखता येते. रुग्ण आपल्या हातून घेतो त्या औषधाची हमी देण्याचा वैद्याजवळचा हा सर्वांत साधा उपाय आहे.