फुकटच्या मालाचे पैसे कोण देतं?

मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही मला नेहमी विचारता. मी पडलो लिनक्सवेडा, म्हणून उदाहरणही तिथलंच.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि कोड सगळ्यांना खुला केला. अमेरिकेत मार्क युइंग हा पठ्ठ्या कॉलेजात आजोबांची लाल टोपी घालून फिरायचा. त्याने लिनक्सची स्वतःची आवृत्ती काढली आणि नाव ठेवलं रेड हॅट! टपालाने सॉफ्टवेअर विकणारा बॉब यंग त्याला येऊन मिळाला.

कोड तर कुणालाही फुकट. मग मोठमोठ्या कंपन्या पैसे कशाचे मोजत होत्या? वेळेवर अपडेटचे, आणि सर्व्हर अडला की मदतीला धावणाऱ्या माणसांचे. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना घेतली.

आता वही काढा. माल विकल्यानंतर तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला कशासाठी फोन करतं? लिहा बघू.