अक्षराची चाल

आमच्या मरोळच्या बचत गटाच्या वहीत दर महिन्याला १५ सह्या होतात. नाव झाकलं तरी कोणती सही कुणाची, ते मी सांगू शकते. एकीची शिरोरेघ शेवटी एका झटक्यात, तर दुसरीची प्रत्येक अक्षरावर वेगळी. लांबून येणारं माणूस चालीवरून ओळखावं, तसंच हे!

गंमत म्हणजे, ही चाल आता मोबाइललाही टिपता येते. कागदावर उरतो तो सहीचा आकार. पडद्यावर मात्र बोट कुठून निघालं, कुठे थबकलं, कधी उचललं, किती वेगानं वळलं, हे सगळं नोंदता येतं. खास पेन असेल तर हाताचा दाबसुद्धा. नक्कल करणारा आकार हुबेहूब गिरवेल, पण त्याचा हात जपून, अडखळत चालतो. तिथेच तो सापडू शकतो. अर्थात त्यासाठी आधीच्या सह्यांचे नमुने आणि तशी खास सोय हवी. कुरिअरवाल्याच्या फोनवर ओढलेली रेघोटी म्हणजे काही अशी तपासणी नव्हे.

पण खऱ्या माणसाचाच हात बदलला तर? आमच्या गल्लीतल्या एका आजींचा हात अर्धांगवायूनंतर कापू लागला. सही जुळेना म्हणून चेक परत आला. पैसे स्वतःचे, आणि औषधासाठी शेजारी हात पसरायची वेळ! अशा वेळी घाबरू नका. आजारपणामुळे सही करता येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी.

माणसानं माणसाला ओळखणं कायद्यानंही मोलाचं मानलंय. अक्षर कुणाचं हे ठरवताना तज्ज्ञाबरोबरच, ते अक्षर परिचयाचं असलेल्या व्यक्तीचं मतही कोर्ट विचारात घेऊ शकतं. १८७२च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, सासूबाईंची, आईची सही बदलली असेल तर अडचण येण्याआधीच त्यांना बँकेत घेऊन जा आणि नवा नमुना देऊन या. आणि हो, कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मोबाइलच्या पडद्यावरही बोट फिरवू नका.