तिरंग्याचा अभ्यास कागदावरून

झेंडा नुसता पाहून त्याचे रंग कळतात. ते कोणी, कशासाठी ठरवले हे कळायला कागदपत्रंच चाळावी लागतात. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत मांडलेला ध्वजाचा ठराव मुळातून वाचा. पाठ्यपुस्तकात घोटवलेले रंगांचे अर्थ त्यात कुठेच नाहीत! अर्थ येतात ते चर्चेत, डॉ. राधाकृष्णन यांच्या भाषणात. ठराव सांगतो एवढंच, की केशरी, पांढरा आणि हिरवा पट्टा समान असावा, लांबी-रुंदीचं प्रमाण साधारणपणे ३:२ असावं. चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरचं, पण ते चरख्याचं प्रतीक म्हणून घेतलेलं. आऱ्यांची संख्याही ठरावात नाही. हे बारकावे चित्रांच्या तक्त्यात मिळणं अशक्यच.

पिंगली वेंकय्यांनीही १९१६ मध्ये राष्ट्रध्वजाचे आराखडे पुस्तिकेच्या रूपानेच लोकांपुढे ठेवले होते. पुढे १९२१ मध्ये त्यांनी गांधीजींना दिलेला आराखडाही आजच्या तिरंग्याहून वेगळाच होता, त्यामुळे ‘आजचा तिरंगा एकट्या वेंकय्यांचा’ हे विधान अर्धवटच म्हणावं लागेल.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर संविधान सभेच्या चर्चेचा चौथा खंड घ्या. २२ जुलैची संपूर्ण चर्चा त्यात छापलेली आहे.