घरची दुसरी गाडी

हॉस्टेलवर रात्री गाड्यांचा विषय निघाला की आपण सगळे थेट ऑडी नाहीतर बीएमडब्ल्यूतच जाऊन बसतो. टॉर्क किती, टर्बो आहे का, शून्य ते शंभर किती सेकंदांत! मीही बसायचो. पण २०२३ साली पहिलं सेमिस्टर संपवून घरी गेलो आणि 'तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सव्वा लाखात गाडी बघ' असं फर्मान निघालं, तेव्हा आपली पंचाईत झाली.

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात. घरात एक गाडी आहे, काकांची बोलेरो, पण ती वडापला. सकाळी सहाला जाते ती रात्रीच उगवते. त्या वर्षी आजोबांचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा कोल्हापूर. एस.टी. फाट्यावर थांबते, फाटा घरापासून तीन किलोमीटर, आणि डायलिसिस करून आलेला माणूस फाट्यावर ताटकळत उभा राहू शकत नाही. भाड्याची गाडी फेरीला दीड हजार घ्यायची. एकदा ती ऐनवेळी आलीच नाही, फेरी चुकली. तिसऱ्या दिवशी आजोबांचे पाय सुजले, रात्री धाप लागली. काकांनी दुसऱ्या दिवशीचं वडाप सोडून त्यांना नेलं. परत आल्यावर ठरलं, दुसरी गाडी घ्यायची. वडील कारखान्यावर पाळीला, म्हणून चालवणार आई.

आता इथे विचाराची दिशाच बदलते बघा. पहिली गाडी आपण हौसेनं घेतो. दुसरी गाडी एका कामासाठी असते आणि ते काम तिनं चुकवायचं नाही, एवढीच अट. मग स्वस्त म्हणजे काय? घेताना स्वस्त नव्हे, तर बंद पडली तर तालुक्याच्या गॅरेजमध्ये त्याच दिवशी दुरुस्त होणारी. क्लच प्लेट पुण्याहून मागवावी लागली तर चार दिवस गेले, म्हणजे आजोबांची एक फेरी गेली.

या हिशेबात बऱ्याच गाड्या आपोआप गळाल्या. इंडिका डिझेल स्वस्तात मिळत होती, पण तिचं उत्पादन २०१८ला थांबलंय. ओम्नीत आजोबांना आडवं झोपवता आलं असतं, काकांचा तिच्यावर जीव, पण पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे फक्त पत्रा. मारुती ८०० तर २०१४च्या जानेवारीतच बंद झाली, सुट्या भागांची अडचण नसली तरी वय झालेलं. उरल्या अल्टो आणि वॅगन-आर. वॅगन-आर उंच, म्हाताऱ्या माणसाला चढ-उताराला सोपी, पण त्याच वर्षाची घेतली तर बजेटबाहेर. म्हणून अल्टो. तीही एलएक्सआय, कारण तिला पॉवर स्टिअरिंग असतं आणि आई शिकाऊ. ८०० सीसीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो, के-१०ला चेन. बेल्ट कधी बदललाय हे मालकाला सांगता येत नसेल तर तो बदलायचा खर्च आपल्या डोक्यावर धरावा.

पहिलीच गाडी मला फार आवडली. एका एजंटकडे होती, चकचकीत, बाजारात लाख-तीसला जाणारी पंच्याऐंशी हजारात! मी बॉनेट उघडून ऑईल बघितलं, कूलंट बघितलं, एक्झॉस्टला निळा धूर नाही म्हणजे रिंगा ठीक, ऑईलच्या झाकणाखाली पांढरा लोण्यासारखा थर नाही म्हणजे हेड गॅस्केट ठीक. पुस्तकातलं सगळं पास! ॲडव्हान्स द्यायला खिशात हात घातला होता. सोबत आमच्या गावचे मिस्त्री होते, शाळा सातवीपर्यंत. ते मागच्या सीटवर बसले होते. म्हणाले, ''बाळ, ह्यो पट्टा शेवटपतूर वड की.'' मी सीटबेल्ट पूर्ण ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ. मग त्यांनी डिकीतली स्टेपनी उचलली, खालच्या खोबणीतही तोच गाळ आणि गंज.

पुराची गाडी! २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीत किती गाड्या बुडाल्या हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. इंजिन धुऊन, ऑईल बदलून चालू होतं. पण वायरिंगच्या कनेक्टरात शिरलेलं पाणी आतून गंज धरतं, आणि गाडी दोन वर्षांनी भर पावसात घाटात बंद पडते. सीट कव्हर नवं, कार्पेट नवं, एजंट हे सगळं बदलतो. सीटबेल्टचा आतला भाग कोणी धूत नाही.

त्यानंतर मी खिशात चुंबक घेऊन फिरायला लागलो. स्पीकरचा जुना चुंबक रुमालात गुंडाळून दारांवरून, मडगार्डवरून फिरवायचा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे, म्हणजे गाडी ठोकलेली. (काही गाड्यांचे बंपर मुळातच प्लास्टिकचे असतात, तिथे चुंबक लावून मालकाशी भांडू नका. मी भांडलोय.) दुसरं म्हणजे सांगून जायचं, पण गाडी सुरू करून ठेवू नका असंही सांगायचं. बॉनेटला हात लावून गरम लागलं तर समजावं, थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतंय.

सहावी गाडी पसंत पडली, २०१२ची, एका निवृत्त शिक्षकांची. एक लाख अठरा हजार. कागदाचा विषय रटाळ आहे पण ऐका. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी वाढवावं लागतं. त्याची फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर. म्हणून चौदा वर्षांची गाडी 'स्वस्त' मिळाली तर हा खर्च किमतीत मिळवून बघा. दिल्लीहून आणलेल्या गाड्या याहून स्वस्त दिसतात, पण इथं नावावर करताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो. विकणाऱ्याकडून फॉर्म २९ आणि ३० सहीनिशी घ्यायचे, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत. आणि घरात कोणी गाडी विकत असेल तर त्यांनाही सांगा: आर.सी.वर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट केलंय. 'ट्रान्सफर करतो सावकाश' या वाक्यावर गाडीची किल्ली देऊ नये.

गाडी आल्यावर दोन खर्च निघाले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी होजला ते मानवत नाही, म्हणून फ्युएल होज बदलले. आणि उंदीर! उभ्या गाडीची वायर कुरतडली. आजीनं बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधून ठेवली. विज्ञान काय म्हणतं माहीत नाही, पण वायर पुन्हा तुटली नाही.

आई आता मलकापूरच्या बाजारातही गाडी घालते. मंगळवारी आणि शुक्रवारी आजोबा पुढच्या सीटवर बसतात आणि तिला गिअर कधी टाकायचा ते सांगतात, त्यांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही.

चुंबक माझ्या रूमवर आहे. कोणाला घरच्यांसाठी गाडी बघायला जायचं असेल तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या.

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल