हसता हसता इंग्रजी – लेखांक ९ : दंड, खांदा आणि डॉलीबाईंची लस

मागच्या आठवड्यात आपण हॉटेलात जेवलो. आज बाही वर सरकवायची आहे. लशीवरचे विनोद इंग्रजी शिकणाऱ्याला फार सोयीचे. एक तर त्यातले शब्द साधे असतात: सुई, दंड, खांदा, रांग, औषध. दुसरं म्हणजे हे विनोद बहुधा एकाच युक्तीवर चालतात. इंग्रजीतल्या एखाद्या वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ वापरून वापरून झिजून गेलेला असतो, आणि विनोद करणारा तो पुन्हा जिवंत करतो. विनोद कळला की दोन्ही अर्थ एकदम पदरात पडतात.

सुरुवात डॉली पार्टनपासून करू. अमेरिकेतल्या कंट्री संगीताची ही सम्राज्ञी. २०२० साली तिने नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाला करोना संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले आणि त्यातला काही भाग मॉडर्नाच्या लशीच्या कामी आला. स्वतःची लस मात्र तिने लगेच घेतली नाही. पैसे दिले म्हणून मी ‘जंपिंग द लाइन’ करतेय असं दिसायला नको, असं तिचं म्हणणं. म्हणजे रांगेत मध्येच घुसणं. (इंग्लंडमध्ये हेच ‘जंपिंग द क्यू’. तिथे हा गुन्हा जवळजवळ फौजदारी समजतात.)

अखेर २ मार्च २०२१ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, तिने व्हँडरबिल्टमध्येच लस घेतली आणि जाहीर केलं की डॉलीला मिळाला ‘अ डोस ऑफ हर ओन मेडिसिन’. एरवी हा वाक्प्रचार बोचरा आहे. दुसऱ्यांशी जसं वागलास तसंच आता तुझ्याशी, म्हणजे आपलं ‘जशास तसे’. सतत उशिरा येणाऱ्या मित्राला एकदा तासभर ताटकळत ठेवलंत, तर त्याला त्याच्याच औषधाचा डोस दिलात. डॉलीने बोचरेपणा काढून टाकला आणि उरलं ते अक्षरशः खरं ठेवलं: औषधाला तिचे पैसे, आणि डोसही तिलाच.

त्या दिवशी तिने दंडाच्या वरच्या बाजूला खिडकी असलेला ब्लाउज घातला होता. अशा कपड्याला इंग्रजीत ‘कोल्ड शोल्डर’ म्हणतात. सुईसाठी याहून सोयीचं काही नाही. पण ‘टू गिव्ह समवन द कोल्ड शोल्डर’ म्हणजे ओळख असून न दाखवणं, मुद्दाम तुटक वागणं. आपण अशा वेळी पाठ फिरवतो, इंग्रजांचं खांद्यावर भागतं.

मग तिने आपलं ‘जोलीन’ हे जुनं गाणं बदलून म्हटलं. मूळ गाण्यात जोलीन या बाईचं नाव लागोपाठ चारदा येतं, तिथे तिने ‘वॅक्सीन’ बसवलं. हे जमलं ते उच्चारामुळे. ब्रिटिश माणूस या शब्दात ‘वॅक्’वर जोर देतो, अमेरिकन बहुधा ‘सीन’वर. ‘जोलीन’चा जोर ‘लीन’वर असतो, त्यामुळे लंडनमध्ये ही गंमत थोडी लंगडली असती. दोन्ही उच्चार मोठ्याने करून पाहा. घरचे हसले तर हसू द्या.

शेवटी तिने लशीला घाबरणाऱ्यांना दम भरला: ‘चिकन स्क्वॉट’ होऊ नका, जाऊन ‘शॉट’ घ्या. ‘चिकन’ म्हणजे भित्रा, आपला भागूबाई. ‘टू चिकन आउट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणं. ‘चिकन स्क्वॉट’ हे एका अधिक उग्र शिवीचं धुतलेलं रूप, आजीसमोर चालेल असं. मूळ शिवी या लेखमालेत येणार नाही. जिज्ञासूंना ती सापडेलच.

‘शॉट’ झाला अमेरिकन शब्द. ब्रिटिश म्हणतात ‘जॅब’, स्कॉटलंडमध्ये ‘जॅग’. ‘जॅब’चा मुष्टियुद्धात अर्थ झटकन मारलेला सरळ ठोसा, आणि बोलण्यात टोमणा. मराठीत आपण लसही टोचतो आणि टोचूनही बोलतो, तेव्हा हा शब्द तुम्हाला आपसूक लक्षात राहील. ब्रिटिश वृत्तपत्रांचा तो लाडका, कारण इंग्रजीत त्याला तीनच अक्षरं लागतात आणि मथळ्यात जागा कमी.

तिथल्या विनोदाचा कळस झाला ८ डिसेंबर २०२० रोजी. कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात चाचण्यांबाहेर फायझरची लस घेणाऱ्या पहिल्या होत्या नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन. दुसरे होते एक्याऐंशी वर्षांचे विल्यम शेक्सपियर, नाटककाराच्याच वॉरिकशर परगण्यातले. मग काय, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चं ‘टेमिंग ऑफ द फ्लू’ झालं आणि ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’चं ‘टू जंटलमेन ऑफ करोना’. ‘टेम’ म्हणजे माणसाळवणं, काबूत आणणं. ‘श्रू’ म्हणजे कजाग बाई. मराठी रंगभूमीला ती वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या ‘त्राटिके’मुळे चांगली परिचित आहे. पुढे मे २०२१ मध्ये हे लसवाले शेक्सपियर लशीशी संबंध नसलेल्या पक्षाघाताने गेले, तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वाहिनीने इंग्रजीतला थोर लेखक गेल्याची बातमी गंभीर चेहऱ्याने दिली. कोटी करायला भाषा लागते, पण असा विनोद घडायला नुसतं नाव पुरतं.

आता कामाचं. मुलांकडे परदेशी गेलेल्या वाचकांना कधी तरी फ्लूची लस घ्यावी लागते. सुई टोचण्याआधी इंग्लंडमधली नर्स बहुधा ‘शार्प स्क्रॅच’ म्हणेल. त्याचा अर्थ ओरखडा उठणार असा नाही. ‘आता टोचतेय’ एवढाच. अमेरिकेत तीच ‘लिटल पिंच’ म्हणेल, आणि चिमटा कोणीच काढणार नाही. दुसऱ्या दिवशी दंड ठणकला तर ‘माय आर्म इज सोअर’. नुसतं ‘माय आर्म हर्ट्स’ही चालतं. अंग मोडून आलं असेल तर ‘आय फील अ बिट अंडर द वेदर’ म्हणा. हवा कशी आहे याची चौकशी कोणी करणार नाही.

पुढच्या आठवड्यात न्हाव्याकडे.