पाचशे डॉलरांची शर्यत आणि विजेचा जमाखर्च

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, आल्टामाँटच्या धावपट्टीवर, जे लॅम यांनी २००६ साली '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाची जी मोटारशर्यत सुरू केली, तिची मुख्य अट अशी की मोटारीचा खर्च ५०० डॉलरांच्या वर जाता कामा नये; मात्र चालकाच्या जिवाशी निगडित अशा जिनसा, म्हणजे पोलादी पिंजरा, आसन, पट्टे, तसेच ब्रेक आणि टायर, या हिशेबातून वगळण्याची मुभा आहे. अशा बहुतेक शर्यती दोन दिवसांत मिळून १४ ते १६ तास चालतात, आणि मोडकळीस आलेले यंत्र तेवढा वेळ धावते ठेवणे यातच संघाचा कस लागतो.

असल्या शर्यतीसाठी हायब्रिड मोटार घडवण्याचा बेत प्रथमदर्शनी विपरीत भासतो; परंतु अपघातात निकामी होऊन भंगारात आलेली दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस ज्याने उघडून पाहिली, त्याला तो तसा भासणार नाही. ५० किलोवॅटची मोटर, २०१.६ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवणारा इन्व्हर्टर, एवढा ऐवज त्या सांगाड्यात एकत्र मिळतो.

खरी अडचण आहे ती शक्ती साठवण्याची नव्हे, तर ती झेलण्याच्या वेगाची. हजार किलोची मोटार ताशी १३० किलोमीटरवरून ७० वर आणताना सुमारे ४६० किलोजूल ऊर्जा सोडते. बॅटरीची साठवण १.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे कागदोपत्री असे दहा ब्रेक तिच्यात मावतात. पण वेग चार सेकंदांत उतरवायचा तर ऊर्जा सरासरी ११५ किलोवॅटच्या दराने येते, आणि बॅटरीला झेपतात जेमतेम वीस. सहा हिश्शांपैकी उरलेल्या सुमारे पाच हिश्शांची उष्णता होऊन ती ब्रेकच्या तबकड्यांत जळते. जपानातील तोकाची येथे २००७ साली २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या टोयोटाच्या सुप्रा एचव्ही-आरमध्ये ऊर्जा साठवण्यासाठी कपॅसिटर योजले होते, आणि २०१२ साली ल मां येथे हायब्रिडला पहिला विजय मिळवून देणाऱ्या ऑडीने वेगाने फिरणारे जडचक्र वापरले, ते याच कारणाने.

ऑडीने मोटर पुढच्या चाकांना जोडली होती, इंजिन मागच्या. दोहोंमध्ये रस्त्याखेरीज दुवा नव्हता. ब्रेक लावताच भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात, म्हणून ऊर्जा परत मिळवायची ती तेथूनच. पुढे इंजिन असलेल्या स्वस्त मोटारीच्या मागच्या आसाला मोटर बसवणे सोपे असते खरे, परंतु त्याने हाती फार थोडे लागते. आसनामागे इंजिन असलेली जुनी टोयोटा एमआर२ घ्यावी, आणि वळणाऱ्या चाकांपर्यंत आस नेण्याचे किचकट लोहारकाम पत्करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक यंत्र बिघडले तरी दुसरे मोटार ओढत दुरुस्तीच्या ओट्यापर्यंत आणते, हा लाभ दीर्घ शर्यतीत मोठाच.

बॅटरी थंड ठेवण्याची तरतूद मात्र स्वतंत्र हवी. मूळ प्रियसमध्ये पंखा मागच्या आसनालगतची, प्रवाशांसाठी गार केलेली हवा ओढतो. शर्यतीत खिडक्या उघड्या, आत ब्रेकची भुकटी आणि रबराचे कण, त्यांनी पंखा कोंदला की बॅटरी तापते आणि नियंत्रक प्रवाह आखडता घेण्याचा हुकूम सोडतो. बाहेरून गाळणीतून हवा आणणारी पन्हळ, आणि मुख्य प्रवाह तोडणारा खटका चालकाच्या तसेच बाहेर उभ्या असलेल्या बचाव-कर्मचाऱ्याच्याही हाताशी, एवढे झाल्याखेरीज मोटार धावपट्टीवर नेऊ नये.